रिकाम्या दांडीचा आलेख

मशीनमध्ये काहीच नव्हतं, आणि तरी पेन पायरी काढत होतं.

मी खुर्चीत मागं सरकून बघत बसले. पेन कागदावर डावीकडून उजवीकडं निघालं, मधोमध आलं, ठेच लागल्यासारखं खाली घसरलं आणि पुन्हा शहाण्यासारखं पुढं चालू लागलं. दांडीच्या टोकाला नमुना नव्हता. मी स्वतःच्या हातानं तो काढला होता आणि त्याची डबी माझ्यासमोर टेबलावर होती. चुंबकच नाही आणि चुंबकाचा आलेख मात्र झोकात चाललाय. मला आधी हसू आलं. मग ते थांबलं, कारण ही पायरी माझ्या ओळखीची होती. तीन वर्षं मी तिच्या मागं लागले होते.

ही पायरी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आम्ही नखाएवढ्या चकतीवर चुंबकांचे थर चढवायचो, एकावर एक, इतके पातळ की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. खालचा थर हट्टी. एकदा एका दिशेला तोंड केलं की सहजासहजी फिरायचा नाही. वरचा थर लोखंडाचा. अंगात ताकद दांडगी, पण स्वभाव असा की ज्यानं बोलावलं त्याच्या मागं जावं. खालच्यानं वरच्याला घट्ट धरून ठेवलं, तर एकाची ताकद आणि दुसऱ्याचा हट्ट असं दोन्ही असलेलं चुंबक मिळतं. धरलंय की नाही, हे मशीन सांगायचं. नमुना एका लांब दांडीच्या टोकाला, खाचेत बसवायचा, दांडी मोठ्या चुंबकाच्या मधोमध सोडायची आणि पेन काय काढतंय ते बघायचं. दोन्ही थर एकदम फिरले तर रेघ गुळगुळीत. वरचा थर हात सोडवून आधीच फिरला, तर रेघेला मधे पायरी.

आमच्या धातूंच्या जोडीत वरच्या थराचा थोडा भाग कायम सुटाच राहतो, असं निरगुडकर सरांनी फार पूर्वी दाखवलं होतं. त्यांचा तो निबंध परदेशातल्या लोकांनीही आधाराला घेतला होता. कराडच्या बाहेर माळावर उभं असलेलं, एका ट्रस्टनं चालवलेलं आमचं चिमुकलं संशोधन केंद्र कुणाला माहीत असेल तर त्या निबंधामुळे. सर माझे मार्गदर्शक. मला दिलेलं काम एवढंच, की दोन थरांच्या मधे तिसऱ्या धातूचा अगदी हलका हात फिरवायचा आणि तो सुटा भाग धरून दाखवायचा. पायरी गेली की प्रबंध. पायरी राहिली की काही नाही. मुदत दिवाळीपर्यंत होती. त्यानंतर ट्रस्टची समिती बसणार होती, आणि वडिलांनी इचलकरंजीत एका शाळेतली जागा माझ्यासाठी बोलून ठेवली होती. "तुला झेपत नसंल तर तसं सांग, पोरी," असं ते फोनवर म्हणायचे, आणि मी फोन ठेवल्यावर रडायचे. झेपत होतं, हीच तर रड होती. माझे थर चांगले होते. मला मनातून ठाऊक होतं की ते चांगले आहेत, आणि पायरी मात्र जाता जात नव्हती.

रिकामी दांडी चालवायची रीत आमच्याकडं नव्हती. मशीन आलं तेव्हा सरांनी ती एकदा चालवली होती, तिचा आलेख फाइलला लावला होता, आणि तेव्हापासून आम्ही सगळे नमुन्याच्या प्रत्येक आलेखातून तोच वजा करत आलो होतो. पुन्हा रिकामी दांडी चालवायची म्हणजे रिकामं जातं फिरवायचं. त्या दिवशी मी ती चालवली, कारण मला वेड लागायची पाळी आली होती. खंडेनवमीच्या आधी मोजलेला नमुना दसरा उलटल्यावर पुन्हा मोजला, तर पायरी चांगली दुपटीनं मोठी. तोच नमुना, तीच डबी, तेच मशीन. मधे फक्त सण झाला होता.

आणि सणाला काय झालं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

खंडेनवमीला आमच्या केंद्रात यंत्रांची पूजा व्हायची. पूजा करायला निरगुडकर काकू यायच्या, सरांच्या पत्नी. काकू म्हणजे केंद्राचं अन्नछत्र. वसतिगृहातल्या पोरापोरींना कोण आजारी, कुणाच्या घरून पत्र नाही, कुणाला मेसचं जेवण जात नाही, हे सगळं त्यांना बरोबर कळायचं. मला त्यांनी पहिल्या आठवड्यात "तू फार तिखट बोलतेस गं कल्याणी, पण पोटात काही ठेवत नाहीस, ते बरंय," असं सांगून टाकलं होतं. माझा त्यांच्यावर फार जीव होता.

सर देवाधर्माच्या वाटेला जात नसत. पण बायकोच्या आड येण्याचीही त्यांची प्राज्ञा नव्हती. म्हणून त्यांनी एक तडजोड काढली होती.

"मशीनला हळद-कुंकू नाही, फूल नाही, अक्षत नाही," ते दर वर्षी सांगायचे. "पूजा करायची तर दांडीची करा. ती निघते. नंतर मी पुसून परत बसवीन."

तर दांडी काढायची, पाटावर ठेवायची, पुढं रांगोळी, झेंडूची फुलं. बाकी पाने-पकडी अशी हत्यारं कुंकवाच्या टिपक्यांनी रंगून जायची. यंदा मी पाटाजवळच बसले होते. काकूंनी अनामिकेवर कुंकू घेतलं आणि दांडीच्या टोकाच्या खाचेत नीट दाबून लावलं.

"काकू, तिथं नको," मी म्हटलं. "नमुना तिथं बसतो."

"म्हणून तर तिथं," काकू म्हणाल्या. "कामाची जागा तीच ना?"

सर हसले. पूजा झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे फडक्यावर स्पिरिट घेऊन दांडी पुसली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि बसवली. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले.

हे आठवून मी मशीन बंद केलं. दांडी काढून भिंगाखाली धरली. खाचेच्या तळाशी, कोपऱ्यात, लालसर काहीतरी होतं. कोपऱ्यातल्या देवळीत काकूंचा कुंकवाचा करंडा तसाच होता. मी कागदावर चिमूटभर कुंकू घेतलं आणि कागदाखालून एक चुंबक फिरवलं.

कुंकू उभं राहिलं. बारीक बारीक काटे होऊन उभं राहिलं आणि मी हात नेईन तिकडं कागदावरून चालायला लागलं.

कुंकवाला गडद रंग यावा म्हणून कुणा व्यापाऱ्यानं त्यात लोखंडाचा भाजलेला गंज मिसळला असणार. पोळीच्या कणकेतल्या मिठाएवढाही नव्हता तो खाचेत. पण आमचे थर तरी केवढे असणार? त्यांच्या मानानं ती चिमूट म्हणजे डोंगर होता. मी तीन वर्षं ज्याला लोखंडाचा सुटा भाग समजत होते, तो वरच्या थरात नव्हताच. तो कुंकवात होता.

मी धावत सरांच्या खोलीत गेले. काय बोलले ते आता आठवत नाही, पण सर चहाचा कप तसाच टाकून उठले. मी त्यांना कागद दाखवला, चुंबक फिरवून दाखवलं. त्यांनी माझ्या हातातून चुंबक घेतलं आणि स्वतः फिरवलं. मग रिकाम्या दांडीचा आलेख बराच वेळ बघितला.

"दांडी ॲसिडनं धू," ते म्हणाले. "नीट. खाच ब्रशनं घास."

धुतली. पुन्हा रिकामी चालवली. पेन सरळ गेलं, कुठं अडखळलं नाही. मग मी माझा नमुना लावला. पेन निघालं, मधोमध आलं आणि गुळगुळीत वळण घेऊन पुढं गेलं. माझ्या तोंडून चक्क शिट्टी निघाली. झाला प्रबंध. इचलकरंजीच्या शाळेनं दुसरी मास्तरीण बघावी. मी सरांकडं वळले तर सर माझ्याकडं बघतच नव्हते.

"पुरुषोत्तमचे नमुने कुठायत?" त्यांनी विचारलं.

पुरुषोत्तम साळोखे हा माझ्या आधीचा विद्यार्थी. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याचे नमुने कपाटात होते, डब्यांवर त्याचं टपोरं अक्षर होतं, एवढीच आमची ओळख. त्याचंही काम हेच होतं, थर तापवून सुटा भाग धरायचा. त्यालाही पायरी घालवता आली नाही. सहाव्या वर्षी तो सोडून गेला आणि गावाकडं विहिरीच्या जळलेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं दुकान टाकून बसला, असं कळलं होतं.

त्याचा पहिला नमुना मी लावला. गुळगुळीत. दुसरा लावला. गुळगुळीत, आणि असा भरीव की माझ्या नमुन्यानं त्याच्यापुढं मान खाली घालावी. सर कपाटाशी गेले आणि अगदी मागून एक जुनी डबी काढून घेऊन आले. ती त्यांच्या निबंधातली होती. त्यांनी ती स्वतः लावली, स्वतः चालवली.

पायरी नव्हती.

सरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. तो एखाद्या भलत्याच, थकलेल्या माणसाचा वाटला.

"म्हणजे धरलेलंच होतं," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

"हो, सर."

"दांडी पहिल्यांदा चालवली ती मशीन आल्या आल्या. मग दसरा आला, मग मी हा नमुना मोजला." ते बोलता बोलता थांबले. "आणि त्या पोराला मी सांगितलं, तुझ्या हाताला स्वच्छता नाही. सगळ्यांच्या देखत सांगितलं, कल्याणी."

निबंध गेला, हे त्यांना कळलं होतं. आयुष्यभराची कमाई समोरच्या कागदावर मुकाट पडली होती, आणि हा माणूस दुसऱ्याला बोललेलं आठवत होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं.

"चल," ते म्हणाले. "त्याला हे तोंडानं सांगायला हवं. मला एकट्याला जाववणार नाही."

सरांच्या स्कूटरवर मागं बसून मी गेले. पुरुषोत्तमचं दुकान फाट्यावर होतं, पत्र्याचं. बाहेर उघडलेल्या मोटरी, आत तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि वार्निशचा उग्र वास. चाळिशीकडं झुकलेला, रुंद हाडाचा एक माणूस मोटरीत तार भरत बसला होता. सरांना बघून तो उठला, हात कापडाला पुसले आणि वाकून नमस्कार केला.

"सर, तुम्ही? बसा की."

सर बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. कुंकू, खाच, रिकामी दांडी, त्याचे नमुने. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. शेवटी म्हणाले, "तुझे थर उत्तम होते. मी तुला बोललो ते खोटं होतं. मी माफी मागायला आलोय."

पुरुषोत्तम खाली बघत होता. मला वाटलं, आता हा रडेल, नाहीतर चिडेल. त्याच्या जागी मी असते तर हातातला पाना फेकून मारला असता. त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "ह्यांनी शोधलं व्हय?"

"हो," सर म्हणाले. "ही कल्याणी बिडकर. तुझ्यानंतर आली."

"रिकामी दांडी चालवली आसंल."

"हो," मी म्हटलं.

"मीबी तेच केलं होतं."

फाट्यावरून एक एस.टी. गेली.

"काय म्हणालास?" सरांनी विचारलं.

"शेवटच्या वर्षी, सर. दसऱ्यानंतरच. सगळं कळलं होतं मला."

"आणि मला सांगितलं नाहीस?" सरांचा आवाज चिरकला. "अरे, तुझा प्रबंध होता. सहा वर्षं होती तुझी. मी तुला नको नको ते बोललो, तेव्हाही तू गप्प राहिलास?"

"चा सांगतो, सर. बसा तरी."

"पुरुषोत्तम."

त्यानं तारेचं भेंडोळं उचललं, पुन्हा ठेवलं. "काकूंना सांगितलं होतं," तो म्हणाला.

सर आता खरोखरच बसले. तिथं एक लाकडी खोकं होतं, त्यावर.

"कुंकू त्यांच्या हातचं. म्हटलं, चारचौघांत एकदम निघालं तर त्यांना लागंल. म्हणून आधी घरी गेलो. मला कावीळ झालेली तवा महिनाभर तुमच्या घरात होतो मी, सर. आईनं केलं नसतं एवढं त्यांनी केलं. त्यांना पयलं सांगायचं नाही तर कुणाला? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. म्हणाल्या, म्हणजे ह्यांचा निबंध चुकला का रे? मी म्हटलं, व्हय, चुकला." तो थांबला. "मग त्यांनी पदर पसरला, सर. माझ्यासमोर. त्या साली तुमचा सत्कार होता. म्हणाल्या, हे कळलं तर हे जगायचे नाहीत."

"आणि तू ऐकलंस."

"पुढच्या दसऱ्यापासनं दांडीला हात लावणार न्हाई, असा शब्द दिला त्यांनी. म्हटलं, मग ठीक हाय. खाच हळूहळू साफ हुईल, मशीन आपसूक नीट चालंल, मागनं येणाऱ्याचं काम हुईल. माझ्या एकट्याचंच जाईल. गेलो मी."

मी म्हटलं, "परवाच्या खंडेनवमीला लावलंय त्यांनी."

"काय लावलंय?"

"कुंकू. दर वर्षी लावतात. तिथंच, खाचेत. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, कामाची जागा तीच."

पुरुषोत्तम माझ्याकडं बघत राहिला. इतका वेळ शांत असलेला तो माणूस पार हबकला. त्याला काय वाटत होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. आपण आपलं सगळं देऊन एक घर वाचवलं, आणि त्यासाठी आपल्यामागून आलेली एक मुलगीही पणाला लावली गेली होती, आपल्याला न विचारता.

"शब्द दिला होता त्यांनी," तो पुटपुटला. "मला शब्द दिला होता."

सर खोक्यावरून उठले आणि स्कूटरकडं निघाले.

पुढं काय काय झालं ते इथंच सांगून टाकते. सरांनी निबंध मागं घेतला. पायरी दांडीच्या दोषामुळे होती आणि जबाबदारी आपली आहे, एवढंच त्यांनी कळवलं. मला पदवी मिळाली. जे नवं छापून आलं त्यात पुरुषोत्तमचं नाव पहिलं होतं, माझं त्याच्याखाली. त्याला परत यायला सांगितलं तर तो म्हणाला, "आता बोटं तारेची झाली." ट्रस्टनं सरांना वर्षभरानं मुदतीआधीच निरोप दिला. लोक बोलायचे ते बोलले. पण या सगळ्याचा धक्का मला कधी बसला नाही. तो त्या दिवशी संध्याकाळी, सरांच्या घरी बसला.

परत येताना मी मागच्या सीटवर एकच गोष्ट घोळवत होते. कळत नव्हतं तेव्हा लावलं, ते समजू शकते. कळल्यानंतरही लावायचं म्हणजे काय? आणि नुसतं लावायचं नाही, खाच शोधून, बोटानं दाबून. मी प्रत्येक नमुना घेऊन त्या दांडीशी जाते, पायरी बघून परत येते, आणि त्यांच्या घरी जाऊन बसते. त्या मला कढी वाढतात.

काकू ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी ताट बाजूला सारलं.

"आज दोघं? आणि पायात चपला तशाच, अहो?"

"पुरुषोत्तमकडं गेलो होतो," सर म्हणाले.

काकूंनी सरांच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग ताट परत ओढलं आणि एक काडी उचलली. पानं खुडून टोपलीत टाकली.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे. त्यानं सगळं सांगितलं."

"सांगणारच. कधीतरी."

मी थोडा वेळ दम धरला होता. तो सुटला. "काकू, तुम्ही त्याला शब्द दिला होता. लावणार नाही म्हणून."

"दिला होता. पाळायचा म्हणूनच दिला होता," काकू म्हणाल्या. "मग तो गेला, आणि मला कळलं की बंद केलं तर पायरी जाणार. पायरी गेली की विचारणार, का गेली. तुम्ही लोक सोडता थोडंच."

त्या किती सरळ बोलत होत्या, ते ऐकून माझा आवाज चढला. "म्हणजे मुद्दाम. दर वर्षी मुद्दाम. आणि मी? माझी तीन वर्षं दिसली नाहीत तुम्हाला?"

"दिसत होती गं," त्या म्हणाल्या. मेथीवरचा हात थांबला. डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "न दिसायला काय झालंय? तुझं तोंड उतरलेलं बघितलं की मला घास जायचा नाही. त्याचंही तसंच झालं होतं. पण तुम्ही तरणी माणसं. हे नाही तर दुसरं केलं असतंत. तो मोटरी भरतो, तू शाळेत शिकवलं असतंस, संसार केले असतेत. ह्यांच्याजवळ दुसरं काय होतं? मूल ना बाळ. तो एक कागद होता."

हे सगळं सरांसमोर, त्यांच्याबद्दल, ते तिथं नसल्यासारखं चाललं होतं. मी वर बघितलं. सरांनी ओसरीचा खांब धरला होता.

मला रागावायचं होतं आणि राग येत होताच. पण तो कुणावर धरायचा ते त्या क्षणी मला कळेना. मला वाढणारा हात आणि माझं काम बुडवणारा हात एकच होता, आणि तो आत्ता माझ्यासमोर मेथीच्या काड्या वेगळ्या करत होता. तसला धक्का मला त्यानंतर आयुष्यात कशाचाही बसला नाही, अगदी आईच्या जाण्याचाही.

"मला का नाही सांगितलंस, इंदू?" सर म्हणाले. आवाज इतका लहान होता की मला वाटलं, काकूंना ऐकूच गेला नसेल. "एका शब्दानं तरी. मी काय केलं असतं तुला? रागावलो असतो?"

काकूंनी पहिल्यांदा नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुम्ही त्याच दिवशी साऱ्या जगाला कळवून मोकळे झाला असतात," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक नाही होय तुमचा स्वभाव? म्हणून तर नाही सांगितलं."

सरांनी मान डोलावली. ते नाकारता येण्यासारखं नव्हतं.